अर्धेलीचे शेत ते तंबूचा तळ : इटलीतील कियांती प्रदेशातील सुटीचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

इटलीच्या टस्कनी प्रांतात फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन ऐतिहासिक नगरांच्या दरम्यान टेकड्यांचा एक प्रदेश पसरलेला आहे. तो ‘कियांती’ या नावाने ओळखला जातो. प्रदेशाचे नाव आणि तेथे तयार होणाऱ्या तांबड्या वाइनचे नाव एकच आहे. दरवर्षी जुलै-ऑगस्ट महिन्यांत युरोपातील निरनिराळ्या देशांमधील कुटुंबे मोटारीत तंबू घालून येथे येतात, द्राक्षमळ्यांच्या कडेला तळ ठोकतात आणि आठ-पंधरा दिवस मुक्काम करतात. उतारावरील द्राक्षवेलींच्या सरळ रांगा, मधूनमधून ऑलिव्हची झाडे, टेकडीच्या माथ्यावर दगडी घर आणि त्याकडे जाणारी सायप्रस वृक्षांची रांग, असे हे दृश्य असते. ते शेकडो वर्षे असेच असावे, असा पाहणाऱ्याचा समज होतो.

इतिहासाच्या कसोटीवर हा समज टिकत नाही. ज्या दगडी घराचे छायाचित्र घेतले जाते, त्या घरातील कुटुंब विसाव्या शतकाच्या मध्यात घर सोडून गेले. वेलींच्या ज्या सलग रांगा प्राचीन वाटतात, त्यांपैकी बहुतेकांची मांडणी १९६० नंतरची आहे. तंबू ठोकण्यासाठी शेतकऱ्याच्या जमिनीवर मिळणाऱ्या परवानगीमागे १९८५ चा एक कायदा आहे. निसर्गरम्य म्हणून गाजलेला हा प्रदेश कोणाच्या श्रमातून घडला, तो ‘रम्य’ केव्हा झाला आणि त्या रम्यतेचे मोल कोणाच्या पदरात पडले, या तीन प्रश्नांचा विचार करणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

अर्धेलीची पद्धत आणि भूदृश्याची घडण

कियांतीच्या भूदृश्याचा पाया ‘मेझ्झाद्रिया’ या शेतीपद्धतीत आहे. मराठीत जिला अर्धेलीची शेती म्हणतात, तिच्याशी या पद्धतीचे बरेच साम्य आहे. जमीन, घर आणि भांडवलाचा बराचसा भाग मालकाचा, श्रम कुळाच्या कुटुंबाचे आणि उत्पन्न निम्मे-निम्मे, असा हा करार होता. टस्कनीत असे करार तेराव्या शतकापासून आढळतात. फ्लॉरेन्स आणि सिएना येथील व्यापारी व सावकार यांनी नगराबाहेर जमिनी घेतल्या आणि त्या अशा कुटुंबांकडून कसून घेतल्या.

एका कुटुंबाला झेपेल एवढी जमीन आणि तिच्यावरील घर मिळून ‘पोदेरे’ हा घटक होत असे. असे अनेक पोदेरे एकत्र करून मालकाची ‘फात्तोरिया’ म्हणजे मध्यवर्ती जहागीर बनत असे. धान्याचे कोठार, तेलाचा घाणा आणि वाइनचे तळघर तेथेच असे. कुळाच्या कुटुंबाचा प्रमुख ‘कापोच्चा’ म्हणून ओळखला जाई. मालकाचा कारभारी हिशेबाची वही ठेवत असे. करार वर्षाचा असल्याने मालक नोटीस देऊन कुटुंबाला घराबाहेर काढू शकत होता. निम्म्या वाट्याखेरीज सणासुदीला कोंबड्या आणि अंडी पोहोचवण्याची रीतही अनेक ठिकाणी होती. कुटुंबातील हातांची संख्या हा मालकाच्या हिताचा विषय असल्याने घरातील विवाहासारख्या बाबींतही त्याचा शब्द चाले.

आज ज्याला सौंदर्य म्हटले जाते, त्याचा उगम या व्यवस्थेत दिसून येतो. कुळाला राहण्यासाठी शेतातच घर दिले जात असल्याने टेकड्यांवर सुटी सुटी घरे विखुरली. कुटुंबाला वर्षभराचे अन्न त्याच जमिनीतून काढायचे असल्याने गहू, द्राक्ष, ऑलिव्ह आणि भाजीपाला ही पिके एकाच शेतात घेतली जात. वेली मॅपलच्या जिवंत झाडांवर चढवल्या जात आणि दोन रांगांमधील पट्ट्यात गहू पेरला जाई. उतारावरची माती वाहून जाऊ नये म्हणून दगडाचे बांध रचले जात. असे बांध घालून पायऱ्यापायऱ्यांची केलेली शेती लामोले गावाच्या परिसरात आजही पाहावयास मिळते. चुन्याविना दगडावर दगड रचण्याच्या या कौशल्याची नोंद युनेस्कोने २०१८ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत केली. इटली हा या नोंदीतील देशांपैकी एक आहे.

सिएनाच्या नगरसभागृहातील आम्ब्रोज्यो लोरेन्झेत्ती याच्या भित्तिचित्रात (१३३८-३९) सुशासित नगराबाहेरचा असा शेतीप्रदेश रंगवलेला आहे. तेथील शेतकरी काम करताना दिसतात. इटालियन इतिहासकार एमिलिओ सेरेनी यांनी इटलीच्या कृषिभूदृश्याचा इतिहास १९६१ मध्ये प्रसिद्ध केला. माणूस शेती करताना निसर्गावर जाणीवपूर्वक जो आकार उमटवतो, तेच कृषिभूदृश्य होय, ही त्यांची भूमिका आहे. कियांतीला ती पूर्णपणे लागू पडते.

वाइनचे नाव आणि प्रदेशाची सीमा

कियांतीच्या नावाला बाजारात किंमत आहे, ही जाणीव मालकवर्गाला आणि राज्यकर्त्यांना फार पूर्वीपासून होती. टस्कनीचा महाड्यूक कोसिमो तिसरा मेदिची याने १७१६ मध्ये फर्मान काढून कियांतीसह चार प्रदेशांच्या सीमा निश्चित केल्या. सीमेबाहेरची वाइन त्या नावाने विकली जाऊ नये, हा त्यामागचा हेतू होता. वाइनच्या उगमस्थानाला कायद्याने संरक्षण देण्याच्या जगातील आरंभीच्या प्रयत्नांत या फर्मानाची गणना होते.

एकोणिसाव्या शतकात ब्रोलिओ येथील जमीनदार बेत्तीनो रिकासोली (१८०९-१८८०) यांनी वाइननिर्मितीचे दीर्घकाळ प्रयोग केले. एकीकृत इटलीचे पंतप्रधानपद त्यांनी दोनदा भूषवले. १८७२ मधील एका पत्रात त्यांनी कोणत्या द्राक्षजातींपासून कियांती वाइन तयार करावी, याचे विवेचन केले. सांजोव्हेझे ही त्यातील प्रमुख जात होती. पुढे १९२४ मध्ये राद्दा येथे ३३ उत्पादकांनी संघ स्थापन केला आणि काळा कोंबडा हे आपले चिन्ह ठरवले. १९३२ च्या शासकीय निर्णयाने कियांती हे नाव आसपासच्या विस्तृत प्रदेशालाही वापरता येऊ लागले. तेव्हापासून मूळ प्रदेशासाठी ‘क्लासिको’ हे विशेषण रूढ झाले.

या साऱ्या घटनाक्रमात नाव प्रदेशाचे, कीर्ती मालकाची आणि घाम कुळाचा, अशी विभागणी होती. उत्पन्नाची वाटणी निम्मी असली, तरी नावलौकिकाची वाटणी कधीच झाली नाही.

१९४४ : युद्धातील तंबू

या प्रदेशात परदेशी माणसांचे तंबू मोठ्या संख्येने पडले ते सुटीसाठी नव्हे, तर युद्धासाठी. या प्रसंगाचा महाराष्ट्राशी प्रत्यक्ष संबंध आहे. १९४४ च्या उन्हाळ्यात माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याचा पाठलाग करत दोस्तराष्ट्रांच्या फौजा टस्कनीतून उत्तरेकडे सरकत होत्या. त्यांत आठवी भारतीय डिव्हिजन होती आणि त्या डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटण होती. फ्लॉरेन्सच्या नैर्ऋत्येस मोन्तेस्पेर्तोली परिसरात मोन्तेगुफोनी हा जुना वाडेवजा किल्ला आहे. बॉम्बवर्षावापासून बचावासाठी फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयातील चित्रे तेथे हलवण्यात आली होती. जुलै १९४४ च्या अखेरीस हा किल्ला भारतीय सैनिकांच्या ताब्यात आला. त्या वेळी त्यांच्यासोबत असलेला स्कॉटिश लेखक एरिक लिंकलेटर याला बोत्तिचेल्लीचे ‘प्रिमावेरा’, तसेच ज्योत्तो आणि उच्चेल्लो यांची चित्रे तेथील दालनांत ठेवलेली आढळली. आसपासचे गावकरीही त्याच किल्ल्यात आश्रयाला आले होते. मराठा सैनिकांनी या चित्रांवर पहारा ठेवला.

त्याच महिन्यात, १० जुलै १९४४ रोजी, शेजारच्या उंब्रिया प्रांतात तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला आणि २०२३ मध्ये तेथील मोन्तोने गावी त्यांचे स्मारक उभारण्यात आले. कोकण-देशावरच्या शेतकरी घरांतून आलेल्या या सैनिकांनी पाहिलेला टस्कनीचा देखावा आजच्या पर्यटकाच्या देखाव्यापेक्षा निराळा होता. शेते सुरुंगांनी भरलेली होती, गोठे रिकामे होते, पण घरांतून माणसे होती. अर्धेलीची कुटुंबे तेव्हाही त्याच घरांत राहत होती.

स्थलांतर आणि निर्जन घरे

युद्धानंतर कुळांनी वाट्यासाठी संघटित लढे दिले. त्यांचा परिणाम म्हणून चाळीसच्या दशकाच्या अखेरीस कुळाचा वाटा ५३ टक्क्यांवर गेला. सप्टेंबर १९६४ मधील ७५६ क्रमांकाच्या कायद्याने तो ५८ टक्के केला आणि अर्धेलीचे नवे करार करण्यास बंदी घातली. १९८२ च्या २०३ क्रमांकाच्या कायद्याने उरलेल्या करारांचे रूपांतर खंडाच्या करारात करण्याची तरतूद केली. सात शतके चाललेली व्यवस्था अशा रीतीने अठरा वर्षांत कायद्याने मोडीत निघाली.

येथे एक तुलना उद्बोधक ठरेल. मुंबई राज्यातील १९४८ च्या कूळकायद्याच्या दुरुस्तीनंतर १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानण्याचे तत्त्व स्वीकारले गेले. त्याच्या अंमलबजावणीत उणिवा राहिल्या, तरी कायद्याची दिशा स्पष्ट होती. इटलीतील १९६४ च्या कायद्याने मात्र करार संपवला; जमीन आपोआप कुळाची केली नाही. शिवाय कायदा येईपर्यंत कुळे निघूनही जाऊ लागली होती. फेब्रुवारी १९५६ च्या कडाक्याच्या थंडीत ऑलिव्हची झाडे मोठ्या प्रमाणावर मेली. त्याच सुमारास फ्लॉरेन्स, प्रातो, पोज्जिबोन्सी येथील कारखान्यांत ठरावीक तासांचे आणि रोख पगाराचे काम मिळू लागले. घरात वीज नाही, नळ नाही, लग्नासाठी मुलगी मिळत नाही, अशा स्थितीत तरुण पिढीने शेताकडे पाठ फिरवली. राद्दा, गायोले, कास्तेल्लीना यांसारख्या गावांची लोकसंख्या दोन दशकांत झपाट्याने उतरली.

मागे राहिलेल्या जमिनीचे रूपही पालटले. शासनाच्या आणि युरोपीय आर्थिक समुदायाच्या अर्थसाहाय्याने १९६० व १९७० च्या दशकांत निव्वळ द्राक्षांचे मळे उभे राहिले. ट्रॅक्टर फिरावा म्हणून अनेक ठिकाणी दगडी बांध काढून टाकण्यात आले, मॅपलची झाडे तोडण्यात आली आणि वेली खांबांवर व तारांवर चढवण्यात आल्या. उताराच्या दिशेने लावलेल्या रांगांमुळे मातीची धूप वाढली. गहू शेतातून गेला, कारण तो खाणारे कुटुंबच तेथे राहिले नव्हते. पर्यटक ज्याला परंपरा समजतो, त्या सलग हिरव्या रांगा म्हणजे या स्थलांतराने मागे ठेवलेली खूण होय.

सुटीचा हक्क, रस्ता आणि मोटार

शेतकरी ज्या काळात शेत सोडून जात होता, त्याच काळात सुटी घेऊन शेताकडे येणारा नवा वर्ग तयार होत होता. १९४८ मध्ये अमलात आलेल्या इटलीच्या राज्यघटनेतील ३६ व्या अनुच्छेदाने कामगाराला साप्ताहिक विश्रांतीचा आणि वार्षिक पगारी सुटीचा हक्क दिला. हा हक्क त्याला स्वतःहूनही सोडता येत नाही. १९५५ मध्ये फियाट ६०० आणि १९५७ मध्ये फियाट ५०० या छोट्या मोटारी बाजारात आल्या. मिलान ते नेपल्स हा ‘सूर्यमार्ग’ १९६४ मध्ये पूर्ण झाला आणि फ्लॉरेन्स त्या मार्गावर आले. अर्धेलीचे नवे करार थांबवणारा कायदा आणि हा महामार्ग एकाच वर्षातले, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे.

तंबूची सुटी ही मुळात कमी उत्पन्नाच्या माणसाची सुटी होती. हॉटेलचे भाडे परवडत नसलेल्या शिक्षक, कारकून व कारखान्यातील कामगारांना तंबूमुळे कुटुंबासह प्रवास शक्य झाला. आल्प्स ओलांडून येणारे जर्मन आणि डच प्रवासी समुद्रकिनाऱ्याकडे जाता-येता टस्कनीत थांबू लागले. फ्लॉरेन्स ते सिएना हा ग्रेव्हे, पान्झानो आणि कास्तेल्लीना या गावांतून जाणारा ‘कियांतिज्याना’ नावाचा जुना रस्ता त्यांच्या परिचयाचा झाला. दुसरीकडे, सधन परदेशी मंडळींनी ओसाड घरे विकत घेऊन दुरुस्त करण्यास आरंभ केला. त्यांत इंग्रजांचे प्रमाण एवढे ठळक होते की, ‘कियांतीशायर’ हे उपहासगर्भ नाव प्रचारात आले. तंबूवाला काही दिवसांपुरते दृश्य वापरत होता; घर विकत घेणारा दृश्याचा एक तुकडा कायमचा मिळवत होता. हा फरक ध्यानात घेणे आवश्यक आहे.

१९८५ चा कृषिपर्यटन कायदा

शेतावर पाहुणे ठेवण्याची कल्पना संघटित स्वरूपात १९६५ मध्ये पुढे आली. शेतमालकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पुढाकाराने त्या वर्षी ‘आग्रितुरिस्त’ ही संस्था स्थापन झाली. या कल्पनेला देशव्यापी कायद्याचे रूप मात्र ५ डिसेंबर १९८५ च्या ७३० क्रमांकाच्या कायद्याने दिले. त्याच वर्षी जानेवारीतील हिमलाटेने टस्कनीतील ऑलिव्हचे पुन्हा अतोनात नुकसान केले होते.

या कायद्यातील दोन तरतुदी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली तरतूद अशी की, पाहुण्यांचे आदरातिथ्य केवळ शेतकऱ्यालाच करता येईल आणि ते शेतीला जोडून व पूरक असले पाहिजे. शेती हाच मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे. दुसरी तरतूद अशी की, हे आदरातिथ्य घरातील खोल्यांप्रमाणेच तंबूवाल्यांसाठी राखलेल्या मोकळ्या जागेतही करता येईल. २० फेब्रुवारी २००६ च्या ९६ क्रमांकाच्या कायद्याने पूर्वीचा कायदा रद्द केला, पण ही दोन्ही तत्त्वे कायम ठेवली. ज्या लहान शेतकऱ्याकडे दुरुस्त करण्याजोगे मोठे घर नाही किंवा दुरुस्तीसाठी भांडवल नाही, त्यालाही पाणी, स्वच्छतागृह आणि सावली एवढ्या सोयींवर पाहुणे ठेवता यावेत, असा दुसऱ्या तरतुदीचा अर्थ लावता येतो.

वाइनच्या क्षेत्रातही समांतर घडामोडी झाल्या. कियांतीला १९८४ मध्ये सर्वोच्च दर्जाचे उगम-प्रमाणन मिळाले. १९९३ मध्ये ‘खुली तळघरे’ हा उपक्रम सुरू झाला आणि उत्पादकांनी आपली दारे अभ्यागतांसाठी उघडली. १९९९ मध्ये ग्रेव्हे गावाच्या नगराध्यक्षांच्या पुढाकाराने ‘चित्तास्लो’ ही सावकाश जगणाऱ्या गावांची चळवळ आकाराला आली.

दृश्याचे मोल

या प्रवासाचा लाभ कोणाला झाला, याचे उत्तर एकेरी नाही. कृषिपर्यटनाने अनेक ओसाड घरे पडण्यापासून वाचवली, काही कुटुंबांना शेतीत टिकून राहण्याचे बळ दिले आणि दगडी बांधांची दुरुस्ती करण्यास कारण पुरवले. पण जे कुटुंब १९५८ मध्ये घर सोडून गेले, त्याला या पुनरुत्थानात वाटा मिळाला नाही, कारण घर त्याचे नव्हतेच. निम्म्या वाट्याच्या व्यवस्थेने घडवलेल्या सौंदर्याची पूर्ण किंमत ज्याच्याकडे मालकी होती, त्याच्याच हाती आली. जमीन व घरे यांचे भाव वाढल्याने स्थानिक तरुणाला आपल्याच गावात घर घेणे कठीण झाले.

आणखी एका बाबीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. सुटीचे पंचांग आणि शेतीचे पंचांग एकमेकांशी जुळत नाहीत. इटलीत सुटीचा हंगाम १५ ऑगस्टच्या ‘फेर्रागोस्तो’ सणाच्या सुमारास भर धरतो. त्या वेळी सांजोव्हेझेच्या घडांना नुकताच रंग येत असतो. तोडणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत चालते आणि तोवर बहुसंख्य तंबू उठलेले असतात. परिणामी पर्यटकाला वेल दिसते, बाटली दिसते; पण तोडणारा माणूस दिसत नाही. आज मळ्यांतील कामात स्थलांतरित मजुरांचा आणि ठेकेदारांमार्फत आलेल्या टोळ्यांचा सहभाग मोठा आहे. शेतमजुरांच्या पिळवणुकीविरुद्ध इटलीला २०१६ मध्ये १९९ क्रमांकाचा कायदा करावा लागला, यावरून हा प्रश्न देशपातळीवर किती गंभीर होता, याची कल्पना येते. दृश्यात न दिसणाऱ्या कुळाची जागा दृश्यात न दिसणाऱ्या मजुराने घेतली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

२० ऑक्टोबर २००० रोजी फ्लॉरेन्स येथेच युरोपीय भूदृश्य करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. लोकांना जसा जाणवतो तसा प्रदेश आणि निसर्ग व मानव यांच्या परस्परक्रियेतून घडलेले त्याचे रूप म्हणजे भूदृश्य, अशी या कराराची धारणा आहे. यातील ‘लोक’ म्हणजे पाहणारे की घडवणारे, हा प्रश्न कियांतीच्या संदर्भात कळीचा ठरतो.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. कियांतीचे निसर्गरम्य भूदृश्य ही निसर्गाची देणगी नसून अर्धेलीच्या विषम करारातून आणि कुळांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमांतून घडलेली रचना आहे.

२. हा प्रदेश सुटीचे ठिकाण झाला तो तेथील कष्टकरी निघून गेल्यानंतर. घरे रिकामी झाली म्हणून पाहुण्यांना जागा मिळाली.

३. सुटीचा घटनात्मक हक्क, छोटी मोटार आणि महामार्ग यांनी सामान्य माणसाला तंबूसह या प्रदेशात आणले. १९८५ च्या कायद्याने त्या तंबूला शेतीशी जोडले.

४. आदरातिथ्य शेतीला पूरक असावे, हे तत्त्व मोलाचे आहे. तथापि जमिनीची मालकी आणि मजुराचे हक्क हे प्रश्न सुटल्याशिवाय दृश्याचे मोल घडवणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही.

महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे आणि २०२० मध्ये कृषिपर्यटनाचे धोरण स्वीकारले. नाशिक परिसरातील द्राक्षमळ्यांतही आता पर्यटक मुक्कामाला येतात. या वाटचालीत टस्कनीचे नाव आदर्श म्हणून घेतले जाते. आदर्श स्वीकारताना त्याचा संपूर्ण इतिहास स्वीकारणे हिताचे ठरेल. मळ्याच्या कडेला उभारलेल्या तंबूतून सकाळी दिसणारा देखावा मनोहर असतो, यात शंका नाही. त्या देखाव्यातील दगडी घराचे दार शेवटचे कोणी आणि का ओढून घेतले, हे विचारण्याचे काम मात्र इतिहासाच्या अभ्यासकाचे आहे.